बेटावरचा मिडफिल्डर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आयुष्यभर शाळेच्या मैदानावर उभे राहिले. त्यांच्या नावाचं व्याख्यान खेळाडूवर असावं असं मला वाटलं, आणि तो खेळाडू असा असावा की ज्यानं खेळातून एक पैसाही कमावला नाही. म्हणून आज मी आयर्लंडच्या मिक ओ'कॉनेलबद्दल बोलणार आहे. केरी परगण्याचा हा मिडफिल्डर 1956 ते 1974 या काळात गेलिक फुटबॉल खेळला. आयर्लंडमध्ये आजही 'सगळ्यात देखणा फुटबॉल कोण खेळला?' असं विचारलं की जुनी माणसं पहिल्यांदा त्याचंच नाव घेतात.

आयर्लंड आपल्याला अगदीच परका नाही. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापली, तेव्हा 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्या लढ्यातूनच आला होता. अलीकडे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या वराडकरांचा मुलगा लिओ त्या देशाचा पंतप्रधान झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. पण त्या देशातली माणसं रविवारी दुपारी कुठं जमतात, कशावरून चढ्या आवाजात बोलतात, कुणाच्या आठवणीनं हळवी होतात, हे आपण कधी विचारलं नाही. ती जमतात गावच्या मैदानावर. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्याच्या काही सोबत्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. इंग्रजांचे खेळ देशभर पसरत असताना आपले खेळ आपण नियमबद्ध करून जपायचे, हा त्यामागचा हेतू होता. आज त्या संघटनेचे दोन हजारांहून अधिक क्लब आहेत आणि बहुतेक क्लब एकेका गावाशी बांधलेले आहेत. सामना राजकारणापासून वेगळा राहू शकला नाही, हेही सांगायला हवं. 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश सुरक्षादलांनी गोळीबार केला आणि 14 माणसं मेली. त्यात टिपररी संघाचा खेळाडू मायकेल होगन होता. आज तिथल्या मुख्य प्रेक्षागृहाला त्याचंच नाव आहे, आणि जिंकलेला कप्तान त्याच प्रेक्षागृहाच्या पायऱ्या चढून चषक स्वीकारतो.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय ओ'कॉनेल कळणार नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, लांबीला 145 मीटरपर्यंत. चेंडू गोल, तो हातात घेता येतो, लाथाडता येतो, मुठीनं किंवा पंजानं मारता येतो, पण फेकता येत नाही. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा किंवा पायाच्या टोकावर टाकून हातात उडवायचा. सलग दोनदा आपटायची मुभा नाही. दोन्ही टोकांना एच अक्षरासारखे खांब. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण, दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गुणसंख्या दोन आकड्यांत लिहितात: 3-7 म्हणजे तीन गोल आणि सात गुण, एकूण सोळा.

मैदानाच्या मध्यभागी प्रत्येक संघाचे दोन खेळाडू असतात, आठ आणि नऊ क्रमांकाचे. 2024 पर्यंत सामना सुरू करताना पंच या चौघांच्या मध्ये चेंडू उडवत असे. पण त्यांचं खरं काम पुढे येतं. गुण झाला किंवा चेंडू टोकाच्या रेषेबाहेर गेला की गोलरक्षक किकआऊट घेतो. ओ'कॉनेलच्या काळात तो चेंडू सरळ मध्यभागी, उंच, लांब यायचा. खाली चार माणसं, कधी सहा, कधी आठ. ज्यानं तो हवेत पकडला त्याचा संघ पुढे निघाला.

उंच झेल हा या खेळाचा आत्मा आहे असं मी म्हणतो, ते थोडं समजावून सांगायला हवं. चेंडू गोलरक्षकाच्या पायातून सुटतो तेव्हा तो कुठं उतरणार हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. वारा असतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वारा नेहमीच असतो. मिडफिल्डरला तीनएक सेकंद मिळतात. तेवढ्यात त्यानं चेंडूचा मार्ग वाचायचा, दोन पावलं मागे सरकायचं किंवा तिरकं पुढे यायचं, आणि एका पायावर झेप घ्यायची. लवकर उडी मारली तर चेंडू येईपर्यंत शरीर खाली आलेलं असतं; उशीर केला तर दुसऱ्याचे हात आधी पोचतात. हात डोक्याच्या वर, बोटं पसरलेली, आणि पकड शरीराच्या सर्वांत उंच क्षणी. एवढं सगळं खांदे, कोपर, गुडघे लागत असताना. मग खाली येताना, पाय जमिनीला टेकण्याआधीच, पुढचा पास कुणाला हे ठरलेलं असायला हवं. पंधरा जणांच्या खेळात ही एवढी एकच गोष्ट अशी आहे की तिथं कुणीही कुणाला मदत करू शकत नाही. वर गेलेला माणूस एकटाच असतो.

ओ'कॉनेल या एका गोष्टीत सर्वश्रेष्ठ मानला गेला. जुन्या कृष्णधवल फितींत तो दिसतो. इतरांपेक्षा फार उंच नाही, धिप्पाड तर मुळीच नाही. पण झेपेत एक ठहराव आहे, आणि चेंडू हातात येताना आवाज न झाल्यासारखा येतो. दोन्ही पायांनी सारख्याच अचूकपणे लांब पास देणं ही त्याची दुसरी ओळख. समोरच्याला ओढणं, धरणं, पाडणं हे त्याला आवडत नसे. चेंडू खेळावा, माणूस खेळू नये, ही त्याची भूमिका त्यानं मैदानावर आणि मैदानाबाहेर कायम ठेवली.

हे कौशल्य आलं कुठून? इथं मला तुम्हाला एका बेटावर न्यावं लागेल.

व्हॅलेन्शिया हे केरीच्या नैर्ऋत्य टोकाला, अटलांटिकमध्ये असलेलं बेट. अकराएक किलोमीटर लांब, तीनएक किलोमीटर रुंद. जवळचं मोठं गाव काहरसाइव्हीन, मुख्य भूमीवर. बेटावर पाटीच्या दगडाची खाण, मासेमारी, थोडी शेती, आणि एक गोष्ट अशी की जिच्यामुळे हे बेट जगाच्या नकाशावर आलं: तारघर. युरोप आणि अमेरिकेला जोडणारी समुद्राखालची पहिली तार 1858 मध्ये इथूनच गेली आणि थोड्याच आठवड्यांत बंद पडली. 1866 मध्ये ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजानं न्यूफाउंडलंडपर्यंत टाकलेली तार मात्र टिकली. आपल्यासाठी यात एक धागा आहे. याच जहाजानं चार वर्षांनी, 1870 मध्ये, मुंबई ते एडन ही तार टाकली आणि मुंबईच्या कापसाच्या बाजाराला लंडनचे भाव काही तासांत कळू लागले. एकाच जहाजाच्या पोटातून निघालेल्या तारांनी व्हॅलेन्शियाचं आणि मुंबईचं नशीब बदललं.

1937 मध्ये जन्मलेला ओ'कॉनेल याच बेटावर वाढला आणि पुढं याच तारघरात नोकरीला लागला. तारघरामुळे बेटावरच्या काही तरुणांना परदेशी न जाता पगार मिळत होता. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ही फार मोठी गोष्ट होती. 1950 च्या दशकात त्या देशातून लाखो माणसं पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेली. केरीसारख्या परगण्यांतल्या कित्येक गावांना पंधरा जणांचा संघ जमवणं कठीण झालं होतं. ओ'कॉनेल बेटावर राहू शकला, म्हणून केरीला तो मिळाला. खेळाडूच्या चरित्रात आपण प्रतिभा, जिद्द, गुरू अशी कारणं शोधतो. या चरित्रात समुद्राखालची तांब्याची तार हेही एक कारण आहे, आणि मला ते लहान वाटत नाही.

बेटावर मोठा संघ नव्हता, प्रशिक्षक नव्हता, सोबत सराव करायला केरीचे इतर खेळाडू नव्हते. म्हणून तो एकटाच सराव करायचा. चेंडू उंच मारायचा, पळत जाऊन आपणच झेलायचा. डाव्या पायानं, उजव्या पायानं, वाऱ्यात, पावसात. संघाच्या सरावाला जायचं तर आधी होडीनं खाडी ओलांडून रिनार्ड पॉइंटला उतरायचं आणि तिथून मोटारीनं किलार्नी गाठायचं. सराव संपला की तोच प्रवास उलटा, पुष्कळदा अंधारात, वल्ही मारत. सकाळी पुन्हा कामावर. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल 1 जानेवारी 1971 रोजी खुला झाला. ओ'कॉनेलनं आपलं शेवटचं अखिल आयर्लंड पदक, म्हणजे परगण्यांच्या देशव्यापी स्पर्धेचं विजेतेपदक, 1970 च्या सप्टेंबरात मिळवलं होतं. म्हणजे त्याची चारही पदकं पुलाआधीची, होडीच्या जमान्यातली.

आज हौशी खेळाडू म्हटलं की आपल्याला कमी दर्जाचा खेळाडू वाटतो. गेलिक फुटबॉलमध्ये त्या काळी सगळेच हौशी होते, आजही आहेत. क्रोक पार्कवर ऐंशी हजार माणसांसमोर खेळणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवतो, शेतात जातो किंवा बँकेत बसतो. त्याला विकत घेणारा क्लब नाही, मोठ्या शहरात नेणारा करार नाही. जिथला माणूस, तिथलाच संघ. ओ'कॉनेल व्हॅलेन्शियाच्या यंग आयलंडर्स क्लबचा, तालुक्यासारख्या दक्षिण केरी विभागाचा आणि मग केरीचा. दक्षिण केरीनं 1955, 1956 आणि 1958 मध्ये परगण्याचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो अजून विशीच्या आसपास होता. त्या विजयांनी त्याचं नाव परगणाभर झालं आणि 1959 मध्ये केरीचं कप्तानपद त्याच्याकडे आलं.

1959 चा अंतिम सामना गॉलवेशी होता. मैदानात 85 हजारांहून अधिक प्रेक्षक होते. केरीनं 3-7 विरुद्ध 1-4 असा सहज विजय मिळवला. पण कप्तानाला मात्र उत्तरार्धात गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर यावं लागलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यानं विजेत्यांचा सॅम मॅग्वायर चषक उचलला. पुढची गोष्ट आयर्लंडमध्ये प्रत्येक पोराला पाठ आहे. सांगतात की डब्लिनमधल्या मेजवानीला न थांबता ओ'कॉनेलनं संध्याकाळची गाडी पकडली, केरीला आला आणि त्याच रात्री होडी वल्हवत बेटावर घरी गेला. चषक मागे डब्लिनमध्येच राहिला होता. काही जण गोष्टीत गाई घालतात, काही जण वादळ घालतात. दंतकथा अशीच वाढते. मला त्यातला गाभा पुरेसा वाटतो: देशातलं सर्वांत मोठं बक्षीस जिंकलेल्या रात्री तो घरी निघून गेला.

या गोष्टीमुळे त्याला विक्षिप्त, माणूसघाणा ठरवलं गेलं. तो अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. निवृत्त होण्याच्या सुमारास, 1974 मध्ये, त्याचं 'अ केरी फुटबॉलर' हे आत्मकथन प्रसिद्ध झालं. त्यातून खेळाकडं फार गंभीरपणे पाहणारा माणूस समोर येतो. लाडिक कौतुक त्याला नको होतं, कारण कौतुक बहुधा निकालाचं व्हायचं आणि त्याचं मन खेळात गुंतलेलं होतं. चांगला झेल, चांगली किक, मोकळेपणानं खेळलेला सामना, मग तो कुठल्याही गावच्या मैदानावर असो. 1971 पर्यंत संघटनेचा एक नियम असा होता की सदस्यानं सॉकर, रग्बी, हॉकी किंवा क्रिकेट यांसारखे 'परकीय' खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत. 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून त्यांनाही संघटनेच्या आश्रयदातेपदावरून काढलं होतं. इतक्या कडक निष्ठेच्या वातावरणात स्वतःची मतं असणारा, घोषणा न देणारा माणूस लोकांना कोड्यात टाकतो. पुढं तोच माणूस अपक्ष म्हणून केरीच्या काउंटी कौन्सिलवर निवडून गेला. पक्षाच्या बळावर निवडणुका लढवणाऱ्या त्या परगण्यात लोकांनी मत दिलं ते माणसाला.

त्याच्या काळात केरी नऊ वेळा अंतिम फेरीत पोचला. त्यातल्या चार जिंकल्या: 1959, 1962, 1969, 1970. पाच गमावल्या. 1960 मध्ये डाऊननं केरीला 2-10 विरुद्ध 0-8 असं हरवलं आणि चषक पहिल्यांदाच सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये गेला. 1964 आणि 1965 मध्ये गॉलवेकडून हार. 1962 चा विजय विशेष आठवला जातो, कारण टेलिव्हिजनवर थेट दाखवलेला तो पहिला अंतिम सामना. रोसकॉमनविरुद्ध केरी 1-12, 1-6 असा जिंकला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून ओ'कॉनेलचीच निवड झाली. मग तो थांबला, परत आला. 1968 मध्ये केरीनं जुन्या खेळाडूंना परत बोलावलं, त्यात शेजारच्या वॉटरव्हिलचा मिक ओ'ड्वायरही होता. हाच ओ'ड्वायर पुढं प्रशिक्षक झाला आणि 1975 ते 1986 या काळात त्यानं केरीला आठ विजेतेपदं मिळवून दिली.

परत आलेल्या ओ'कॉनेलचा खेळ मला आधीच्यापेक्षा जास्त आवडतो. 1969 आणि 1970 मध्ये मध्यभागी त्याच्या जोडीला डी. जे. क्राउली होता, तगडा, दणदणीत पळणारा. क्राउलीनं धडक द्यायची, ओ'कॉनेलनं वर जायचं. 1970 पासून अंतिम सामना साठ मिनिटांवरून ऐंशी मिनिटांचा झाला होता, आणि तेहतीस वर्षांचा ओ'कॉनेल त्या पहिल्या ऐंशी मिनिटांच्या सामन्यात मीथविरुद्ध 2-19, 0-18 अशा विजयाचा भागीदार होता. 1972 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, अंतिम सामना ऑफलीशी बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळलेल्या सामन्यात केरी हरला. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात मिडफिल्डला त्याचं नाव होतं. पुढं 1984 मध्ये शतकाचा संघ निवडला गेला आणि 1999 मध्ये सहस्रकाचा संघ, दोन्हींत मिडफिल्डला तो आहे. काहरसाइव्हीनमध्ये त्याला बघत वाढलेला जॅक ओ'शे पुढं सात पदकं जिंकला आणि चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शतकाच्या संघात दोघंही होते, पण सहस्रकाच्या संघात निवड करणाऱ्यांनी ज्येष्ठालाच घेतलं.

इथं मला माझा मुद्दा मांडायचा आहे. पदकांच्या हिशेबात ओ'कॉनेल पहिला येत नाही. डब्लिनचा मिडफिल्डर ब्रायन फेंटन 2015 मध्ये आला आणि 2024 मध्ये सात पदकं घेऊन निवृत्त झाला. 2021 पर्यंत चॅम्पियनशिपमधला एकही सामना तो हरला नव्हता. असामान्य खेळाडू, यात शंका नाही. पण फेंटनच्या काळापर्यंत मिडफिल्डरचं कामच बदललं होतं. डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन यानं किकआऊट ही कला इतकी धारदार केली की चेंडू मध्यभागी उंच मारण्याचं कारणच उरलं नाही. मोकळ्या जागेत पळणाऱ्या साथीदाराला आखूड, अचूक पास, आणि चेंडू आपल्याकडेच. इतर संघांनी ते उचललं. मग बचावाच्या भिंती आल्या, पंधरापैकी तेरा-चौदा माणसं स्वतःच्या अर्ध्यात. हवेतला तो झेल हळूहळू दुर्मीळ होत गेला. 2017 मध्ये नियम केला गेला: किकआऊट 45 मीटरच्या रेषेपलीकडे हवेत स्वच्छ झेलला तर झेलणाऱ्याला मुक्त किक. उपाय चांगला होता, पण आखूड किकआऊट मारणाऱ्याला तो रोखू शकत नव्हता.

प्रेक्षक कंटाळले, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. शेवटी संघटनेनं जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या डब्लिननं आखूड किकआऊटच्या बळावर विजेतेपदं मिळवली, त्याच संघाचे हे तेव्हाचे प्रशिक्षक. 30 नोव्हेंबर 2024 रोजी विशेष अधिवेशनात प्रतिनिधींनी मतदान करून नवे नियम स्वीकारले. किकआऊट 40 मीटरच्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. त्या कमानीबाहेरून मारलेला गुण दोन गुणांचा. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू सतत विरोधकांच्या अर्ध्यात. म्हणजे चेंडू पुन्हा उंच, पुन्हा मध्यभागी.

मला या घटनेत फार मोठी गोष्ट दिसते. जगातल्या बहुतेक खेळांचे नियम जाहिरात आणि प्रक्षेपण यांच्या सोयीनं बदलतात. इथं गावोगावच्या क्लबांमधून आलेल्या, पगार न घेणाऱ्या माणसांनी बसून ठरवलं की आमच्या खेळात काय सुंदर आहे ते आम्हाला ठाऊक आहे, ते हरवत चाललं आहे, आणि ते आम्ही नियमानं परत आणू. पण काय हरवलं हे कळायला कधीकाळी ते पाहिलेलं असावं लागतं, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलेलं. मिक ओ'कॉनेलचा झेल पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. आजोबांनी नातवाला सांगितला, नातवानं फितीत पाहिला. मोजदाद कुणीच ठेवली नाही, कारण तेव्हा झेल कुणी मोजत नव्हतं. त्याची कारकीर्द केरीच्या पदकपेटीपेक्षा या आठवणीत जास्त शिल्लक आहे, आणि त्या आठवणीनं साठ वर्षांनी नियमपुस्तकावर परिणाम केला असं मी मानतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे अधिवेशनाचा ठराव नाही ज्यात त्याचं नाव आहे. पण केरीच्या कुठल्याही माणसाला विचारा, उंच झेल म्हणजे काय. उत्तरात बेट येईल.

नव्या नियमांचा पहिला हंगाम 2025 मध्ये झाला. अंतिम सामन्यात केरीनं डोनेगॉलला 1-26 विरुद्ध 0-19 असं हरवलं आणि एकोणचाळिसावं विजेतेपद घेतलं. सामन्यांची चित्रफीत आता सहज मिळते. तुमच्यापैकी ज्यांना या खेळाबद्दल कुतूहल वाटलं असेल त्यांनी तो सामना जरूर बघावा. एकच सूचना करतो: गोलरक्षक किकआऊट घ्यायला पळत येईल तेव्हा त्याच्याकडे बघू नका. मध्यभागी बघा, आठ आणि नऊ नंबरच्या चौघांकडे. त्यांच्यातला कोण दोन पावलं आधी मागे सरकतो ते हेरा, आणि मग त्याचे हात.